वापरलेला अल्पाइन कार्व्हिंग स्नोबोर्ड: ४०० युरोंत कोणता घ्यावा?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला मनीषनगरात राहतो, मिहानमध्ये नोकरी करतो आणि गेली चार वर्षे रजा जमेल तशी हिवाळ्यात गुलमर्ग व सोलंग येथे स्नोबोर्डिंग करीत आलो आहे. आतापर्यंतचे सारे शिक्षण मऊ बूट आणि भाड्याचा बोर्ड यांवरच झाले. मागच्या फेब्रुवारीत गुलमर्गला, गोंडोलाच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्याजवळच्या दाबून सपाट केलेल्या उतारावर, सकाळी साडेनऊच्या सुमारास एक परदेशी गृहस्थ अरुंद, लांबट बोर्डावरून, स्कीच्या बुटांसारखे कडक बूट घालून खाली उतरले आणि त्यांच्या मागे बर्फावर फक्त एक रेघ राहिली. माझ्या वळणांमागे नेहमी हातभर रुंद घासलेला पट्टा उरतो. मी गुडघ्यावर बसून त्या रेघेत बोट घातले. ती दोन पेरे खोल होती आणि तिच्या भिंती सुरीने कापलेल्या खरवसासारख्या गुळगुळीत होत्या. न घसरता, बोर्डाच्या कडेवर कलंडून अशी रेघ काढत वळणे म्हणजे कार्व्हिंग. हे शिकायचेच, असे मी तेव्हा ठरवले.

माझी ताई म्युनिकला राहते. येत्या जानेवारीत मी तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे आणि तेथून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोग्या उतारांवर कार्व्हिंग शिकण्याचा बेत आहे. बूट, बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारी पकड) आणि बोर्ड मिळून माझ्याकडे ४०० युरो आहेत, म्हणजे आपले ४० हजारांच्या आसपास. यापेक्षा अधिक खर्च या वर्षी शक्य नाही, कारण धाकट्याचे शाळाप्रवेशाचे पैसे याच तिमाहीत भरायचे आहेत. एवढ्यात नव्या बोर्डाचा विचारच करता येत नाही, म्हणून ताईने जुन्या सामानाच्या जाहिराती पाहून तीन बोर्ड हेरून ठेवले आहेत.

पहिला १८३ सेंटिमीटरचा, शर्यतीत वापरलेला, टायटॅनल या धातूच्या पत्र्याचा थर असलेला बोर्ड आहे. मधली रुंदी १८.५ सेंटिमीटर, साइडकटची (कडेच्या आत वळलेल्या कमानीची) त्रिज्या १९ मीटर आणि किंमत १५० युरो. दुसरा १५८ सेंटिमीटरचा स्लालमचा (खांबांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीचा) बोर्ड, रुंदी १९.५, त्रिज्या साडेनऊ मीटर, आणि सोबत जुनी प्लास्टिकची बाइंडिंग धरून तो १२० युरोंना मिळतो. तिसरा १६६ सेंटिमीटरचा, सर्व प्रकारच्या उतारांसाठी बनवलेला कार्व्हिंग बोर्ड, रुंदी २१.५, त्रिज्या ११ मीटर, किंमत १९० युरो, बाइंडिंगविना. पहिला बोर्ड नवा असताना इतर दोन्हींपेक्षा कितीतरी महाग होता असे विक्रेता सांगतो, त्यामुळे मन तिकडे ओढ घेते. हार्डबूट मात्र ४० युरोंना वीसेक वर्षांपूर्वीचे मिळत आहेत आणि तेथे पैसे वाचतील असा माझा हिशेब आहे.

माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ७४ किलो, पावलाची लांबी २६.५ सेंटिमीटर; डावा पाय पुढे ठेवतो. यांपैकी कोणता बोर्ड घ्यावा आणि ताईने तो पाहायला जाताना काय तपासावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.


धरमपेठची

भाऊ, तुमच्या हिशेबात बूट शेवटी आले आहेत. ते सर्वांत आधी यायला हवेत. मी अकरा वर्षे कॅलगरीला होते आणि त्यांतले आठ हिवाळे हार्डबुटांवर काढले, म्हणून हे ठामपणे लिहिते. अल्पाइन बोर्डाला तुमचा हुकूम पोहोचतो तो बुटाच्या कवचातून. पाय आत हलत असेल किंवा घोटा दुखत असेल, तर तुम्ही नकळत मागच्या पायावर बसता, आणि मागच्या पायावर बसलेल्या माणसाखाली जगातला उत्तमातला उत्तम बोर्डही घसरतच जातो.

वीस वर्षांपूर्वीचे बूट कृपा करून घेऊ नका. या बुटांचे कवच बहुधा पॉलियुरेथेनचे असते आणि ते प्लास्टिक न वापरताही, नुसत्या हवेतल्या ओलाव्याने, आतून झिजत राहते. बाहेरून ते धडधाकट, चकचकीत दिसते आणि थंडीत उतारावर जोर पडताच बिस्किटासारखे फुटते. वेगात असताना पुढच्या पायाचा बूट फुटणे म्हणजे काय, हे मी एका सोबत्याच्या बाबतीत पाहिले आहे. त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. डीलक्स, यूपीझेड, हेड यांचे त्यामानाने अलीकडचे वापरलेले बूट धीर धरला तर मिळतात. तुमच्या ४०० पैकी १३० ते १५० युरो त्यांच्यासाठी बाजूला काढा. बूट तुम्ही स्वतः पायात घालूनच घ्या, ताईंना घ्यायला सांगू नका. आतला मऊ मोजा काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे एक ते दोन बोटांची जागा राहते का ते पाहावे. यापेक्षा जास्त जागा असेल तर बूट मोठा आहे, मग तो मोज्यामुळे कितीही आरामशीर वाटो.

आता १८३ च्या बोर्डाविषयी. तो स्वस्त आहे याचे कारण तो वाईट आहे असे नव्हे. तो वापरू शकणारी माणसेच थोडी आहेत. हा समांतर जायंट स्लालमच्या शर्यतीचा बोर्ड आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड १९९८ साली नागानोला आला तो याच प्रकारच्या जायंट स्लालमने, आणि २००२ पासून दोन स्पर्धक शेजारी शेजारी उतरू लागले. बव्हेरियात अशा बोर्डांचा तुटवडा नाही, कारण बर्खटेसगाडेनजवळच्या ग्योट्शेनच्या उतारावर जागतिक करंडकाच्या समांतर शर्यती होत आल्या आहेत आणि त्या भागात सराव करणारी मुले हंगाम संपला की बोर्ड विकून टाकतात. तो बोर्ड पाणी मुरवून गोठवलेल्या, दगडासारख्या कठीण उतारावर, खांबांमधून, पूर्ण वेगात जाण्यासाठी बांधलेला असतो. तुमच्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे तो वेग नसेल, आणि वेग नसेल तर तो वाकणार नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. कॅलगरीत पहिल्याच वर्षी ऑक्टोबरच्या स्की-स्वॅपमध्ये (जुन्या सामानाच्या बाजारात) १७८ सेंटिमीटरचा शर्यतीचा बोर्ड ९० डॉलरना पाहिला आणि एवढी मोठी वस्तू एवढ्या थोड्या पैशांत मिळते म्हणून उचलला. माझे वजन तेव्हा ५८ किलो होते. नाकिस्का येथे, जेथे १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या अल्पाइन स्की शर्यती झाल्या, तेथे तो घेऊन गेले. बोर्ड कडेवर कलंडायचा, पण माझ्या वजनाखाली त्याची कमान बनतच नसे. तो सरळ खाली धाव घ्यायचा आणि मी घाबरून मागे झुकत असे. तिसऱ्या दिवशी मनगट मुरगळून घरी परतले. दोन आठवड्यांनी एका सहकारी बाईंनी त्यांचा १५६ सेंटिमीटरचा जुना फायबरग्लासचा बोर्ड दिला आणि त्याच दुपारी माझ्या मागे पहिल्यांदा स्वच्छ रेघ उमटली. बोर्ड बांधणारे छोटे कारागीर, जसे डोनेक, कॉयलर किंवा प्रायर, ग्राहकाचे वजन विचारून त्याप्रमाणे कडकपणा ठरवतात तो उगाच नव्हे. म्हणून वापरलेला बोर्ड घेताना विक्रेत्याला न चुकता विचारा की त्याचे स्वतःचे वजन किती आहे. तो ९५ किलोचा असेल आणि तुम्ही ७४ चे, तर बोर्ड कितीही सुस्थितीत असला तरी तुमच्या कामाचा नाही.

रुंदीचा संबंध तुमच्या पावलाशी आहे. अरुंद बोर्डावर बूट आडवा ठेवला तर बोटे आणि टाच कडेबाहेर येतात. बोर्ड कलंडला की बूट बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि माणूस आपटतो. तसे होऊ नये म्हणून पाय पुढच्या दिशेला वळवावे लागतात. साडेअठरा सेंटिमीटरच्या बोर्डावर तुम्हाला साठ अंश किंवा त्याहून अधिक वळावे लागेल, जे नवशिक्याला दोरीवर उभे राहिल्यासारखे वाटते. साडेएकवीसवर पन्नासच्या आसपास भागेल. मऊ बुटांतून येणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो. माझे मत तिसऱ्या बोर्डाला आहे.


हिंगणा_टूलरूम

मी स्वतः स्नोबोर्डवर कधी उभा राहिलेलो नाही. हिंगणा एमआयडीसीत तीस वर्षे टूलरूममध्ये काम केले आहे आणि माझ्या पुतण्याने व्हिएन्नाहून आणलेला जुना बोर्ड तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते, तेवढ्या अनुभवावर तपासणीविषयी लिहितो.

पुतण्याची तक्रार अशी होती की बोटांकडचे वळण नीट लागते, पण टाचेकडच्या वळणावर पुढची कड मध्येच सोडून देते. त्याला वाटत होते की दोष त्याच्या शिकण्यात आहे. आम्ही बोर्ड दीड मीटरच्या ग्रॅनाइट सरफेस प्लेटवर तळ खाली करून ठेवला. बोर्डाला मुळात कमान असते, तिला कॅम्बर म्हणतात. त्यामुळे तो पुढे आणि मागे टेकतो आणि मधे काही मिलिमीटर उचललेला राहतो. मधोमध तळहाताने दाबले की ती कमान बसली पाहिजे आणि सोडले की परत उठली पाहिजे, तशी ती उठली. मग टेकलेल्या चारही कोपऱ्यांशी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, लावले. तीन ठिकाणी ०.०५ मिलिमीटरचे पातेही शिरेना, आणि डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्याखाली ०.८ चे पाते अडथळ्याशिवाय आत गेले. बोर्डाला पीळ बसला होता. बाहेरून त्याचा मागमूस नव्हता, रंग नवाकोरा होता, आणि बिचारा मुलगा दोन हंगाम स्वतःलाच दोष देत राहिला.

तुमच्या ताईंना सरफेस प्लेटची गरज नाही. काचेचे टेबल किंवा ग्रॅनाइटचा ओटा पुरेसा सपाट असतो. बोर्ड त्यावर ठेवून चारही टेकणाऱ्या कोपऱ्यांशी व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावे. ते एकाच कोपऱ्याखाली शिरत असेल तर तो बोर्ड सोडून द्यावा. नंतर बोर्ड उलटा करून तळावर स्टीलची पट्टी आडवी धरावी आणि खिडकीच्या उजेडाकडे पाहावे. पट्टीखाली मधे प्रकाश दिसला तर तळ खोलगट झाला आहे आणि कडा उंच राहिल्या आहेत. हा दोष मशीनवर घासून निघतो, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत.

कडा हा मुख्य भाग आहे. नव्या बोर्डाची पोलादी कड साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते आणि प्रत्येक वेळी धार लावताना थोडी थोडी जाते. शर्यतीच्या बोर्डाला धार फार वारंवार लावतात, म्हणून तो दोन-तीन हंगामांतच निम्म्यावर येऊ शकतो. पूर्ण लांबीभर कड सारख्या जाडीची आहे का, कुठे दगड लागून आत दबली आहे का, हे नख फिरवून कळते. वरवरचा तांबूस गंज रबरी दगडाने निघून जातो, त्याची चिंता नको. कड आणि तळ यांच्या सांध्यातून गंज बाहेर आला असेल आणि तेथे तळ किंचित फुगला असेल, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. बोर्डाचे थर सुटले आहेत का हे पाहण्यासाठी बोटाच्या पेराने टोकापासून शेपटापर्यंत टकटक करीत जावे; टाइल्स पोकळ बसल्या आहेत का हे आपण घरात पाहतो तसेच. आवाज एके ठिकाणी भदभद येऊ लागला तर तेथे चिकटण सुटले आहे. बाइंडिंगच्या छिद्रांत एम-६ चा स्क्रू हाताने फिरवून पाहावा, कारण एखादा इन्सर्ट (छिद्रात बसवलेली आट्यांची नळी) जागच्या जागी फिरत असेल तर तो दुरुस्त करणे महागात पडते.

टायटॅनलविषयी एक गैरसमज आहे. नावावरून तो टायटॅनियम वाटतो, पण तो जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेला बळकट अॅल्युमिनियमचा पत्रा असतो, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. अशा बोर्डांचा शर्यतीत बोलबाला २००५ च्या सुमारास सुरू झाला, कारण पत्रा बोर्डाची थरथर शोषून घेतो आणि कड बर्फाला धरून राहते. परंतु फायबरग्लास वाकून परत येते, तर पत्रा मर्यादेबाहेर वाकला की वाकलेलाच राहतो. जोरात पडून टोक दुमडलेला बोर्ड विक्रेता हाताने सरळ करून विकू शकतो. वरच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. ती रेषा कुठे मोडलेली दिसली तर तेथे पत्रा वाकलेला आहे. मात्र अलीकडच्या बोर्डांचे टोक मुद्दामच लांबून हळूहळू उचललेले असते, त्याला वाकलेला समजू नये. तेथे प्रतिबिंब मोडत नाही, एकसंध वळते.

त्रिज्येबद्दल वरच्या ताईंनी अनुभवाने जे सांगितले ते हिशेबानेही तसेच येते. बोर्ड कलंडला की वळणाची त्रिज्या साइडकटच्या त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणून मिळते. उताराचा परिणाम बाजूला ठेवला आणि ४५ अंशांचा कल धरला, तर १९ मीटरच्या बोर्डाचे वळण साडेतेरा मीटरच्या आसपास येते आणि त्या कलात तोल राहण्यासाठी ताशी सुमारे ४१ किलोमीटर वेग लागतो. ११ मीटरच्या बोर्डाला ३१ आणि साडेनऊच्या बोर्डाला २९ पुरतात. यावरून मला तरी १२० युरोंचा दुसरा बोर्ड तुमच्या खिशाला अधिक योग्य वाटतो. तिसऱ्यापेक्षा ७० युरो वाचतात आणि बाइंडिंगही आहे.

बुटांचे वय ओळखण्याची एक खूण सांगून थांबतो. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या भागाच्या आतल्या बाजूला बहुतेकदा एक छोटे वर्तुळ असते, त्यात आकडे आणि एक बाण असतो. तो साचा भरल्याचा महिना आणि वर्ष दाखवतो. मोजा काढून टॉर्च मारली की दिसतो.


मनीषनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. १८३ चा बोर्ड आणि जुने बूट मी आजच यादीतून काढले. विक्रेत्यांची वजने विचारली: १५८ चा मालक ८८ किलोचा आहे, १६६ चा मालक ७८ किलोचा. आता दुसरा की तिसरा एवढाच प्रश्न उरला. शिवाय बोर्ड जानेवारीनंतर नागपूरलाच येणार आणि पुढे गुलमर्गला वापरला जाणार, तर तेथे तो चालेल का, आणि आपल्या उन्हाळ्यात तो कसा ठेवावा?


धरमपेठची

काकांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात दोन गोष्टी आलेल्या नाहीत. एक म्हणजे ती जुनी प्लास्टिकची बाइंडिंग. बुटांच्या प्लास्टिकला जे होते तेच बाइंडिंगच्या प्लास्टिकला होते, आणि वेगात असताना एकाच पायाची बाइंडिंग तुटली की दुसऱ्या गुडघ्यावर सगळा बोर्ड फिरतो. ती किमतीत धरूच नका. मग वाचलेले ७० युरो तिकडेच जातात. एफ-टू किंवा बॉम्बर यांची धातूची वापरलेली बाइंडिंग शोधा, आणि ती टाचेने आपोआप अडकणारी आहे की कडीने बंद होणारी, हे बूट ठरल्यावरच पाहा, कारण टाचेने अडकणाऱ्या बाइंडिंगला बुटाची टाचही त्याच जातीची लागते.

दुसरी गोष्ट बोर्डाच्या स्वभावाची आहे. १५८ चा स्लालम बोर्ड चपळ असतो, पण तुमच्या वजनाला तो लहान आणि उतावळा वाटेल. जरा चुकलात की तो वळून मोकळा होतो. मालक ८८ किलोचा, म्हणजे लहान असूनही कडक. १६६ चा बोर्ड तुम्हाला चुका करायला वेळ देईल.


औलीची_वाट

मी अमरावती रोडवर राहते आणि गेली नऊ वर्षे दर हिवाळ्यात औली किंवा गुलमर्गला जाते. पाच वर्षांपासून हार्डबूट वापरते. भारतात वापरायचा असेल तर माझेही मत रुंद बोर्डालाच आहे.

गुलमर्गचे नाव अफरवट डोंगरावरच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी आहे आणि अरुंद बोर्ड त्यात सुरीसारखा खाली जातो. दाबून सपाट केलेले उतार तेथे थोडे आहेत. रात्री थंडी कडक पडली असेल तर सकाळी साडेअकरापर्यंत बर्फ कार्व्हिंगला चांगला असतो आणि नंतर उन्हाने व गर्दीने उकरला जातो. त्या दोन-अडीच तासांत साडेएकवीस सेंटिमीटरचा बोर्ड कड धरतो आणि दुपारी मऊ बर्फातही निभावतो. औलीचा उतार कार्व्हिंगला मला गुलमर्गपेक्षा आवडतो, पण तेथे बर्फाचा भरवसा कमी. भरवसा तसा गुलमर्गचाही राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत महिना संपत येईपर्यंत तेथे उतार उघडे पडले होते. आमची तिकिटे काढलेली होती. त्या पिवळ्या गवताकडे पाहत चार दिवस काढले आणि परत आलो. जर्मनीतले तीन आठवडे म्हणूनच शक्य तितके बर्फावर घालवा, कारण तेथे तीन आठवड्यांत जेवढा कठीण, सपाट बर्फ मिळेल तेवढा येथे तीन वर्षांत मिळत नाही.

जुन्या जाहिराती पाहताना आणखी एक सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे काही अल्पाइन बोर्ड असममित असत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या कडा पुढे-मागे सरकवलेल्या असत आणि ते डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी वेगळे, उजवा ठेवणाऱ्यांसाठी वेगळे बनत. ते फार स्वस्त मिळतात. तुम्ही त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

नागपुरात बोर्ड सांभाळण्याचे तंत्र वेगळे आहे. मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि थर जोडणारे इपॉक्सी अशा उष्णतेत नरम पडू लागते, म्हणून गाडीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर बोर्ड ठेवू नका. घरातली सर्वांत थंड खोली द्या, पलंगाखाली तळ वर करून आडवा ठेवा, आणि त्यावर काहीही वजन ठेवू नका. हंगाम संपला की कडा पुसून कोरड्या कराव्यात, तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीने द्यावा आणि तो कडांवरही येऊ द्यावा. मेण खरवडायचे नाही, तसेच राहू द्यायचे. आपल्या पावसाळ्यात कडांना गंज चढू नये यासाठी हाच उपाय मला लागू पडला आहे. पुढच्या हिवाळ्यात ते खरवडले की बोर्ड तयार.

न्यायला रेल्वे बरी. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बहुधा १५ किलोंची असते आणि बूट, बाइंडिंग, बोर्ड मिळूनच ती भरते. अंदमान एक्स्प्रेस नागपूरहून थेट कटऱ्याला नेते, आणि २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. १६६ चा बोर्ड स्लीपरच्या खालच्या बाकाखाली तिरका बसतो. १८३ चा बसला नसता.


हिंगणा_टूलरूम

धरमपेठच्या ताईंचे बाइंडिंगबद्दलचे म्हणणे मला पटले. जुन्या प्लास्टिकचा मुद्दा बुटांच्या बाबतीत लिहूनही बाइंडिंगला लावायचे माझ्याकडून राहिले. दुसऱ्या बोर्डाची शिफारस मी मागे घेतो.


मनीषनगरकर

म्युनिकहून लिहितो आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

ताईने १६६ चा बोर्ड विक्रेत्याच्याच जेवणाच्या काचेच्या टेबलावर ठेवून तपासला. व्हिजिटिंग कार्ड चारही कोपऱ्यांपैकी कुठेही शिरले नाही. तळ मात्र मधे थोडा खोलगट निघाला. ताईने पट्टी धरून त्यांना उजेड दाखवला आणि त्यांनी स्वतःहून २५ युरो कमी केले, म्हणून तो १६५ ला पडला. आल्यावर दोन दिवस मी बूटच शोधत फिरलो. सहा जोड कवचात पाय घालून पाहिले आणि २६.५ चे डीलक्स १३० युरोंना घेतले; आत टॉर्च मारल्यावर बाणाचे वर्तुळ सापडले आणि बूट आठ वर्षांचे निघाले. धातूची, कडीने बंद होणारी बाइंडिंग ७० ला मिळाली. उरलेल्या पैशांत तळ घासून आणि कडांना धार लावून घेतली, त्यासाठी वरचे पाच युरो ताईने दिले.

बाइंडिंग पुढे ५४ आणि मागे ५० अंशांवर लावली आहे. बूट अडकवून कडेला पट्टी उभी धरली तेव्हा बोटे आणि टाच दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर आत राहिली. काल लेंग्रीसजवळच्या ब्राउनेकवर चौथा दिवस होता. बोटांकडच्या वळणांवर सलग पाच-सहा मीटर स्वच्छ रेघ येऊ लागली आहे आणि मी प्रत्येक वेळी थांबून मागे वळून ती पाहतो. टाचेकडच्या वळणावर अजून बर्फ घासला जातो. धरमपेठच्या ताई, तेथे मी कमरेतून वाकतो आहे असे ताईने काढलेल्या व्हिडिओत दिसते. त्यावर तुम्ही काय करत होतात ते सवडीने लिहाल का?


धरमपेठची

लिहिते. टाचेकडच्या वळणात पुढचा हात, म्हणजे तुमचा डावा, बुटाच्या टाचेकडे जाऊ देऊ नका. दोन्ही हात बोर्डाच्या टोकाच्या दिशेला, जेवणाचे ताट धरल्यासारखे, समोर राहू द्या आणि मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे आणा. खुर्चीवर बसतो तसे बसायचे नाही, नितंब बोर्डाच्या वरच राहिले पाहिजेत. हे फार उताराच्या जागी करू नका. सौम्य उतारावर, एकच वळण, मग थांबणे, मग पुन्हा तेच, असे सकाळभर करा आणि व्हिडिओ परत पाठवा.